जुन्या ट्रकवरील कारखान्याच्या पाट्या

(ज्ञातिसंमेलनात कासू मुक्कामी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले.)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विद्यार्थ्यांचे वळण किंवा वाचनाची गोडी असा एखादा विषय मी घेईन अशी मंडळींची अपेक्षा असावी. तीस-बत्तीस वर्षे खडू झिजविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करील? परंतु मंडपाच्या पूर्वेस जो जुना ट्रक उभा आहे, तो येता येता आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याविषयी बोलल्यावाचून मला आज राहवणार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रशास्त्र मी शिकलेलो नाही. जे सांगणार आहे ते पाहिलेले, केलेले आणि काही अंशी बिघडविलेले आहे.

तरुण मंडळींना हा ट्रक म्हणजे एक नवलाची वस्तू वाटते. आमच्या लहानपणी तो नवलाचा नव्हता, पण मोठ्या मानाचा होता. आपला मुलूख खाडीचा. खारातला भात आणि मिठागरातले मीठ पूर्वी धरमतरच्या खाडीतून पडावांनी मुंबईस जाई. भरती-ओहोटी सांभाळावी लागे, वाऱ्याची मर्जी राखावी लागे. पुढे रस्त्याने माल जाऊ लागला. वाशीचा खाडीपूल १९७३ साली खुला झाला. तोपर्यंत पनवेलहून ठाण्याला वळसा घालून मुंबई गाठावी लागत असे. अशा काळात, १९५९ साली, आमच्या भाऊबंदकीतील दोन घरांनी एकाच महिन्यात, एकाच विक्रेत्याकडून दोन फार्गो ट्रक घेतले. एक थोरल्या घराचा, एक धाकट्या घराचा. मी धाकट्या घराचा. आमच्या ट्रकवर माझे वडीलच ड्रायव्हर होते.

आता हे फार्गो म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढील सारी कथा त्यावर अवलंबून आहे. सोलापुरास १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे नाव आपल्या पैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आगबोटीचा धंदा, विमानाचा कारखाना, विशाखापट्टणची जहाजगोदी या सर्व उद्योगांत हात घातलेल्या या गृहस्थाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि मुंबईत कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून १९४७ साली मोटारी बाहेर पडू लागल्या. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार होता. डॉज, डी सोटो आणि फार्गो ही तिन्ही नावे त्या क्रायस्लरचीच. कुर्ल्यास होणाऱ्या ट्रकांवर ही निरनिराळी नावे लागत, परंतु बोनेट उघडून आत पाहू गेल्यास फरक फारसा नसे. नाव डेट्रॉइटचे, हात कुर्ल्याचे. ही गोष्ट ट्रकचा आकार पाहून कळत नाही, रंग पाहून तर मुळीच नाही. ती केबिनमध्ये रिव्हेटांनी ठोकलेल्या हातभर नव्हे, तळहाताएवढ्या पत्र्याच्या पाटीवरून कळते. बनविणाराचे नाव, नमुन्याचा क्रमांक आणि चासीचा क्रमांक त्या पाटीवर असतो.

असेच दुसरे उदाहरण टाटांच्या ट्रकचे. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. त्यांच्या तोंडावर बेंझचा तीन टोकांचा तारा असे. १९६९ साली करार संपला, तारा गेला, आणि त्या जागी टाटांचे टी हे अक्षर आले. ट्रक रातोरात बदलला नव्हता. चिन्ह बदलले होते. पुढे कोणी हौशी मनुष्य ताऱ्याचा ट्रक दुरुस्त करताना शोभेसाठी टी लावील, किंवा टीच्या ट्रकला रुबाबासाठी तारा चिकटवील, तर एका देशाने परक्याचा हात सोडून स्वतःच्या पायांवर उभे राहिल्याचे ते वर्षच पुसले जाईल. आणि हे करणाऱ्याला वाटेल, आपण ट्रक सजविला!

आता माझ्या अपराधाकडे येतो.

१९८४ सालचा दसरा. मी नुकताच शिक्षकाच्या नोकरीस लागलेला, चोवीस वर्षांचा, उत्साह भरपूर आणि अक्कल बेताची. खंडेनवमीस दोन्ही घरांचे ट्रक धुवून पुसून पूजेला लावावयाचे होते. वडिलांनी मला केबिन पुसण्यास सांगितले. पुसता पुसता डॅशबोर्डाजवळची ती ॲल्युमिनियमची पाटी मला काळवंडलेली दिसली. मी पॉलिश पेपर घेतला आणि ती घासघासून आरशासारखी केली. मग थोरल्या घराच्या ट्रकवरचीही केली. भेदभाव नको म्हणून! बंधूंनो, माझा सारा जन्म पाटीवर गेला. शाळेतील पाटी ही पुसण्यासाठीच असते, पुसल्याविना तिच्यावर दुसरा धडा लिहिता येत नाही. त्याच सवयीने मी ही पाटी पुसली. वडील आले, त्यांनी वाकून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "आकडा कुठे गेला रे?" मी म्हणालो, "बाबा, पाहा तरी, कशी चकचकीत झाली." ते पुढे काही बोलले नाहीत. हळदीकुंकू वाहून ते बाहेर गेले.

त्या आकड्याची किंमत कळावयास मला सुमारे चाळीस वर्षे लागली.

पुढे दोन्ही ट्रक म्हातारे झाले, चिंचेखाली शेजारीशेजारी उभे राहिले. एकाचे बोनेट दुसऱ्याला, दुसऱ्याचे दार पहिल्याला, असे चालले होते. १९८६ साली दोहोंपैकी एक भंगारात गेला. ज्यांनी व्यवहार केला ते वडीलधारे आज हयात नाहीत. नंबराच्या पाट्या बंपरांसह गळून पडल्या होत्या. आर. सी. बुके होती, ती २००५ च्या जुलै महिन्यातील महापुरात ट्रंकेसकट भिजून लगदा झाली. उरलेला ट्रक कोणाचा, हा प्रश्न इतकी वर्षे कोणी विचारलाही नाही, कारण गंजलेल्या लोखंडावर हक्क सांगण्यास कोण धावतो? परंतु थोरल्या घरातील एक पुतण्या नागोठण्याच्या कारखान्यात नोकरीस आहे; त्याने हा ट्रक पूर्ववत करण्याचे मनावर घेतले, आणि लोखंडाला किंमत आली. मग बोलाचाली झाल्या. गेल्या वर्षी गणपतीत दोन्ही घरांचे एकमेकांकडे येणेजाणे बंद होते, हे मी या व्यासपीठावरून सांगतो, कारण ते येथे बसलेल्या सर्वांना माहीत आहेच.

आमच्याकडे विम्याची एक जुनी पावती निघाली. तिच्यावर आमच्या ट्रकचा चासी क्रमांक होता. त्यांच्याकडे एक कर्जरोखा निघाला. त्यावर त्यांच्या ट्रकचा. एकाच खेपेस आलेले ट्रक, त्यामुळे दोन्ही क्रमांकांत फरक केवळ शेवटच्या आकड्याचा! चासीवर ठोकलेला क्रमांक पाहावा, तर एका अपघातानंतर नेमक्या त्याच जागी पट्टी वेल्डिंग करून टाकलेली. राहता राहिली केबिनमधील पाटी. तिच्यावरील पुढचे आकडे बोटाने चाचपता येतात. शेवटचा आकडा जेथे असावयाचा, तेथे माझ्या १९८४ च्या दसऱ्याची चकाकी आहे.

या प्रसंगानंतर मी त्या पुतण्याच्या मागे लागलो. त्याला म्हटले, तू ट्रकवर वाटेल तेवढा खर्च कर. पण एकही अक्षर, एकही चिठ्ठी, एकही ठसा मला दाखविल्याशिवाय काढू नकोस. मुलगा गुणी, त्याने ऐकले. आम्ही दोघांनी मिळून जे केले ते सांगतो. पुष्कळांच्या अंगणात जुनी जीप, ट्रॅक्टर, भातगिरणीचे इंजिन पडलेले आहे. त्यांना त्याचा उपयोग होईल.

पहिल्याने ट्रकला हत्यार लावण्यापूर्वी सर्व पाट्यांची छायाचित्रे घेतली, जवळून एक आणि लांबून एक, म्हणजे पाटी कोठे होती हेही कळावे. मग पातळ कागद पाटीवर ठेवून वरून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरविली. मुले नाण्याचा ठसा अशाच रीतीने घेतात. डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही पुष्कळदा अशी उमटतात. शिलालेखांचे अभ्यासकही कागदावर ठसाच घेतात. आपल्याच जिल्ह्यात अलिबागजवळ आक्षी येथील शिलालेख पाहा. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, मराठीतील अत्यंत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तो पुष्कळ वर्षे रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा होता. अक्षरे झिजली, तरी त्यांवर कोणी छिन्नी चालवून ती "स्वच्छ" केली नाहीत, म्हणून ती वाचता आली. माझ्यासारखा उत्साही शिक्षक त्या गावी नव्हता, हे मराठी भाषेचे भाग्य.

दुसरी गोष्ट रसायनांची. जुना रंग उतरविण्यासाठी गॅरेजमध्ये सुटे भाग कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवितात. लोखंडाला ते सोसते. ॲल्युमिनियम मात्र त्यात विरघळू लागते. पाटीसकट भाग टाकीत गेला की पाटी खलास. वाळूचा मारा करून गंज काढतात, त्यातही हीच गत होते. पितळी पाटी असली तर घरच्या बायका चिंचेने घासावयास धावतात. तिच्या अक्षरांत भरलेला काळा रंग त्याने निघून जातो आणि अक्षरे धूसर होतात. यास्तव पाटी शक्यतो जागची हलवू नये. तिच्यावर कागद आणि चिकटपट्टी लावून भोवताली रंग द्यावा. काढणे अगदीच भाग पडले, तर जुने रिव्हेटसुद्धा चिठ्ठी लावून डबीत ठेवावेत. चासीवरील ठोकलेल्या क्रमांकावर तर ग्राइंडर कदापि फिरवू नये. खाडाखोड झालेला क्रमांक दिसला की परिवहन कार्यालय संशय घेते, आणि तो संशय रास्तच आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांतही गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, चासी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशीच अट आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित झाला. ट्रकमध्ये आज जे इंजिन आहे ते मूळचे नाही. मूळचे पेट्रोलचे होते. पेट्रोल परवडेना, म्हणून त्या काळी पुष्कळांनी आपल्या ट्रकमध्ये डिझेलचे पर्किन्स इंजिन बसविले. आमच्याही दोन्ही ट्रकांत ते बसविले गेले. त्या इंजिनावर मद्रासच्या सिम्सन कंपनीची पाटी आहे. डिझेलपंपावर बंगळूरच्या मायको कंपनीची पाटी आहे. पुतण्या म्हणाला, "गुरुजी, कुर्ल्याच्या ट्रकवर मद्रासची पाटी विसंगत दिसते, ती काढू का?" मी म्हणालो, मुळीच नाही. केबिनमधील पाटी ट्रक कोठे जन्मला ते सांगते, इंजिनावरील पाटी तो कसा जगला ते सांगते. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१३ साली ट्यूरिन सनद म्हणून काही तत्त्वे प्रसिद्ध केली. जुन्या इमारतींविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती आहेत. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे अंग मानावेत आणि नव्याने घातलेला भाग नवा म्हणून ओळखू यावा, असा तिचा आशय आहे. आमच्या चिंचेखालच्या निर्णयाला एवढा मोठा आधार मिळाला याचा मला, खरे सांगतो, फार अभिमान वाटला.

बाजारात आता हुबेहूब नव्या पाट्या छापून मिळतात. त्या लावण्यास माझी हरकत नाही, मात्र मागच्या बाजूस ती नवी केल्याचे साल कोरून ठेवावे. पेणचे कारागीर दरवर्षी नवी गणेशमूर्ती करतात आणि ती नवी म्हणूनच आपण आणतो. कोणी ती शंभर वर्षांची म्हणून विकली तर आपण त्याला काय म्हणू?

मागच्या फाळक्यावरील अक्षरांविषयी मात्र मतभेद झाला आणि तो अद्याप मिटलेला नाही. तेथे पेंटरच्या हातची "पब्लिक कॅरिअर" ही अक्षरे आहेत. १९३९ च्या मोटार कायद्यात ही संज्ञा होती; १९८८ चा कायदा आल्यावर ती गेली. त्याखाली "हॉर्न ओके प्लीज" आहे, जे लिहिण्यास आपल्या राज्याच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ साली मनाई केली. ही अक्षरे कारखान्याची नव्हेत, म्हणून ती नव्याने रंगवावीत असे तरुणांचे मत. माझे मत ती तशीच ठेवावीत असे आहे. सध्या ती अर्धी रंगविलेली आणि अर्धी जुनी आहेत, ती तुम्ही पाहिलीच असतील.

आता शेवटची हकीकत. ट्रक तालुक्याच्या गावी रंगाच्या कामाला होता. डॅशबोर्डाच्या उजव्या-डाव्या कप्प्यांची झाकणे साफ करण्यास एक पोऱ्या थिनरचा बोळा घेऊन बसला होता. त्याचा दोष नाही; माझा पॉलिश पेपर आणि त्याचा बोळा ही एकाच कुळीची हत्यारे. सुदैवाने पुतण्या तेथे होता. एका झाकणाच्या आतल्या बाजूस तेल आणि धूळ यांच्या थराखाली कागद चिकटविलेला त्याला दिसला. त्याने पोऱ्याचा हात धरला आणि मला फोन केला. मी मिळेल त्या गाडीने गेलो. ओल्या बोळ्याने कागद पुसावयाचा नाही, हे तोवर आम्ही शिकलो होतो. आधी कोरडा मऊ कुंचला फिरविला. मग शुद्ध पाण्यात किंचित भिजविलेला कापूस एका कोपऱ्यावर टेकवून शाई फुटते का ते पाहिले. अर्धा दिवस त्यात गेला.

तो कारखान्याचाच छापील कागद होता. कोणत्या भागाला किती मैलांनंतर वंगण द्यावयाचे, याचे इंग्रजी कोष्टक. आणि त्याच्या कोऱ्या कडेला जांभळ्या पेन्सिलीने, मराठी आकड्यांत, तारखा आणि मैल लिहिलेले होते. एकाखाली एक, ओळीने. शेवटच्या नोंदीपुढे आकडा नव्हता, शब्द होते: "नवे इंजिन बसविले. हा कागद आता लागू नाही."

मी अक्षर ओळखले. परंतु मी पडलो धाकट्या घराचा. माझ्या साक्षीला काय अर्थ? म्हणून दुसऱ्या दिवशी थोरल्या घरातील वडील काकांना घेऊन गेलो. ते नव्वदीच्या घरात आहेत, चष्म्यावर भिंगही धरावे लागते. सोबत मी वडिलांची मिठाच्या हिशेबाची वही नेली होती, ती त्यांनी उघडूही दिली नाही. त्या कागदावर बोट न टेकवता, वरच्यावर फिरवीत, त्यांनी सगळ्या ओळी वाचल्या. मग म्हणाले, "सात पाहा. इतका लांब शेपटाचा सात तुझा बाप काढायचा, दुसरा कोणी नाही." आणि पुतण्याला म्हणाले, "ट्रक यांचा आहे. गेला तो आपला."

ट्रकवर आजवर खर्च झाला तो थोरल्या घराचा, आणि ट्रक ठरला धाकट्या घराचा. तेव्हा दोन्ही घरांनी तो समाईक ठेवावयाचे ठरविले आहे आणि तसा कागद केला आहे. त्या छापील कोष्टकावर काच बसवावी असे काहींनी सुचविले. काचेखाली आपल्या दमट हवेत बुरशी धरेल, म्हणून तूर्त ते झाकण बंदच ठेवतो आणि संमेलनाच्या दिवशीच उघडतो.

भोजनापूर्वी ते अर्धा तास उघडे राहील. मुलांनी चाकांना, फाळक्याला, स्टिअरिंगला खुशाल हात लावावा, हॉर्नही वाजवावा, तो वाजतो. कागदाला मात्र कोणी हात लावू नये, आणि केबिनमधील पाटी रुमालाने पुसू नये.